कर पोहोचतो, छत्र पोहोचत नाही

इ.स. १८०१ च्या आरंभी तंजावरचे राजे सरफोजी (दुसरे) यांनी इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक पत्र लिहिले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार आणि महसूल कंपनी सरकारच्या हाती गेला होता. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि महसुलातील ठराविक हिस्सा, एवढेच उरले होते. अशा स्थितीत सरफोजींनी आग्रह धरला तो छत्रांसाठी. रामेश्वराच्या यात्रामार्गावर राजघराण्याने बांधलेली ही अन्नछत्रे आपल्याकडेच राहावीत, असे त्यांचे म्हणणे होते. तेथे सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न मिळते. आजारी पडणाऱ्यास बरे होईपर्यंत औषधपाणी मिळते. गरोदर स्त्रीची काळजी घेतली जाते. वाटेत कोणी मृत्यू पावला तर त्याचे अंत्यसंस्कार होतात आणि मागे राहिलेल्या पोरक्या मुलांना सांभाळले जाते, असे त्यांनी सविस्तर कळविले. पुढच्याच वर्षी ओरथनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले.

राजकीय इतिहासात या पत्राला फारसे स्थान नाही. परंतु एका अर्थाने ते आजच्या भारतातील एका मोठ्या प्रश्नाची नांदी आहे. कर कंपनीकडे गेला, छत्र राजाकडे राहिले. म्हणजे कर घेणारा आणि संकटात आधार देणारा, हे दोघे वेगळे झाले. परमुलखात पोट भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते आजही वेगळेच आहेत.

तंजावरात मराठ्यांचे राज्य १६७६ च्या सुमारास व्यंकोजींपासून सुरू झाले आणि १८५५ मध्ये संपले. त्या काळी गेलेली मराठी घराणी तेथे कायमची रुजली. पण आज तामिळनाडूच्या सराफ पेठांत जे मराठी कानी पडते ते बव्हंशी वेगळ्या माणसांचे आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ, साताऱ्यातील माण-खटाव, सोलापुरातील सांगोला या दुष्काळी तालुक्यांतून गलाई व्यावसायिक पिढ्यान्पिढ्या देशभर पांगले. सराफांकडील जुने सोने-चांदी वितळवून, तेजाबात शुद्ध करून देणे हे त्यांचे काम. शेत, घर, म्हातारे आईवडील आणि शिधापत्रिका गावी. भट्टी, भाड्याची खोली आणि मुलांची शाळा परराज्यात. जत्रेला, लग्नकार्याला आणि मतदानाला ते गावी येतात. युरोपात ज्याला सीमेपलीकडचा कामगार म्हणतात त्याच्याशी यांची जातकुळी जुळते. अंतर तेवढे मोठे आणि फेऱ्या विरळ.

या माणसाकडून सरकार काय घेते, ते आधी पाहू. प्राप्तिकर केंद्राचा असल्याने पॅन क्रमांक त्याच्या मागोमाग सर्वत्र जातो. सोन्यावर ३ टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि राज्यांतर्गत व्यवहारात त्याचा अर्धा वाटा त्या राज्याच्या तिजोरीत पडतो. शिवाय व्यवसाय कर. घटनेच्या २७६ व्या कलमाने राज्यांना आणि स्थानिक संस्थांना हा कर बसविण्याचा अधिकार दिला असून १९८८ च्या घटनादुरुस्तीनंतर त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये आहे. महाराष्ट्रात तो राज्य सरकार घेते. तामिळनाडूत दर सहा महिन्यांनी नगरपालिका किंवा महापालिका. म्हणजे विट्याहून तंजावरला गेलेल्या माणसाला शोधून काढण्यात कोणत्याही करखात्याला अडचण येत नाही.

महाराष्ट्रात हा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला, तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. या योजनेचे जनक वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात केला. म्हणजे ज्या पट्ट्यातून गलाई कामगार बाहेर पडले, त्याच पट्ट्यात. मुंबईतल्या पगारदाराने कर भरायचा आणि त्यातून दुष्काळी गावातल्या मजुराला कामाची हमी मिळायची, असे हे सरळ नाते होते. शहराला त्यात परोपकार वाटला नाही, गावाला भीक वाटली नाही. पण हे नाते राज्याच्या सीमेपर्यंतच चालते. त्याच तालुक्यातला माणूस तामिळनाडूत कर भरू लागला की त्याच्या कराच्या बदल्यात त्याच्यासाठी कोणती हमी, याला उत्तर नाही.

त्याच्या वाट्याला कोणते विमाछत्र येते? कर्मचारी राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. तीत कामगार वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पण ती सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. भविष्य निर्वाह निधीची अट वीसची. गलाईच्या दुकानात दोन-तीन माणसे असतात, तीही बहुधा भावकीतली. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता, परंतु तो कंत्राटदारामार्फत नेलेल्या मजुरांपुरता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. संहितेने व्याख्या रुंदावली. आपणहून परराज्यात जाऊन नोकरीला लागलेला मजूरही तीत आला. मात्र आस्थापनेत असे दहा कामगार असण्याची अट राहिलीच. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीत ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नावे आली. पण नाव नोंदविले जाणे आणि विमा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रशासनात काम करणाऱ्या वाचकास सांगायला नको.

आणि हे काम निरुपद्रवी नाही. नत्राम्लाचा धूर, भट्टीची धग, कोंदट जागा, यांत उभे आयुष्य काढणाऱ्याच्या फुप्फुसांचे काय होते हे समजायला वैद्यकाची पदवी लागत नाही. हा रोग जडतो परराज्यात आणि माणूस उपचाराला येतो गावी, कारण उपचाराचा हक्क सांगणारा कागद गावच्या पत्त्याचा असतो. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे ओळखपत्र तंजावरच्या रुग्णालयात चालत नाही.

सीमा ओलांडून विमा नेता येत नाही, असे मात्र नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने हीच योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती मराठी गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर कर्नाटकात वादळ उठले. राजकीय इच्छा असेल तेथे छत्र परराज्यातही उघडते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. उलट उदाहरण गोव्याचे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातून रोज गोव्यात कामाला जाणारे तरुण तेथील उद्योगांना हवे असतात. पण जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क सुरू झाले. घाम चालतो, आजार चालत नाही, असा त्याचा अर्थ सिंधुदुर्गाने लावला तर त्यास दोष देता येणार नाही.

युरोपने हा गुंता कसा सोडविला, हे पाहण्यासारखे आहे. १९५८ पासून, आणि आता २००४ च्या ८८३ क्रमांकाच्या नियमावलीने, तेथे एक साधे सूत्र ठरले आहे: एका वेळी एकाच देशाचा सामाजिक विमा, आणि तो सर्वसाधारणपणे काम करण्याच्या देशाचा. एका देशात भरलेली वर्षे दुसऱ्या देशात मोजली जातात. सीमेपलीकडे कामाला जाणाऱ्यास राहत्या आणि कामाच्या अशा दोन्ही देशांत उपचार घेता येतात. प्राप्तिकराचे नियम मात्र देशादेशांतील करारांनी ठरतात. फ्रान्स-जर्मनी सीमापट्ट्यातील कामगार राहत्या देशात कर भरतो. तेथेही वाद होतात, पण कामगार कोणाचा हा प्रश्न त्याच्या आजारपणात उभा राहत नाही.

आपल्यालाही ही कला अवगत आहे. २००६ मध्ये बेल्जियमशी पहिला सामाजिक सुरक्षा करार करून भारताने पुढे जर्मनी, फ्रान्स, जपान आदी अनेक देशांशी तसे करार केले. पुण्याहून कंपनीने जर्मनीत पाठविलेल्या अभियंत्यास भविष्य निर्वाह निधी संघटना प्रमाणपत्र देते आणि त्याचा दुहेरी भरणा टळतो. विट्याहून तंजावरला गेलेल्या कामगारासाठी असा कोणताही कागद नाही. परदेशाशी जे जमले ते स्वदेशात जमू नये, ही विसंगती दिल्लीत बसून अधिक बोचते.

यावर उपाय अशक्यप्राय नाहीत. सामाजिक सुरक्षा संहितेत अशी तरतूद आहे की केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी राज्य विमा लागू करता येतो. तेजाबाने सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम त्या अधिसूचनेत घालणे हा पहिला उपाय. त्यास नवा कायदा लागत नाही, एक सही लागते. दुसरा उपाय राज्यांचा. तामिळनाडूत सुवर्णकारांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ आहे. तेथे काम करणाऱ्या आणि कर भरणाऱ्या परराज्यातील कारागिरास त्याचे दार उघडे असावे, यासाठी दोन राज्यांत करार होऊ शकतो. शिधापत्रिका देशभर चालू शकते, हे २०२२ पर्यंत सर्व राज्यांनी दाखवून दिलेच आहे.

अर्थात असा करार मागताना महाराष्ट्रालाही आपल्या अंगणात पाहावे लागेल. मुंबईतील इमारती बांधणाऱ्या बिहारी मजुराच्या आणि धारावीतील तमिळ कारागिराच्या आजारपणात आपण अधिवासाचा दाखला मागणार असू, तर तंजावरात मराठी माणसाला वेगळी वागणूक मिळावी असे म्हणण्याचा नैतिक अधिकार आपल्याला उरत नाही. कर घेताना आपण कोणाकडेही पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागत नाही.

सरफोजींच्या छत्रातही तो मागितला जात नव्हता. वाटसरू कोणत्या मुलखाचा, हे न विचारता पान मांडले जाई. ते राजाचे दान होते. आजचा वाटसरू दान मागत नाही. तो कराची पावती हाती घेऊन उभा आहे.