विश्लेषण : जनुक शाबूत, तरी बोटे आखूड का?

जनुकात चूक झाली की आजार होतो, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण काही कुटुंबांत हाताची बोटे आखूड, जुळलेली किंवा पाचाहून जास्त असतात आणि ज्या जनुकामुळे हे घडते, त्यात मात्र एका अक्षराचीही चूक सापडत नाही. मग बिघाड कुठे असतो? अनेकदा तो गुणसूत्रांच्या मांडणीत असतो.

गुणसूत्रे केंद्रकात कशी राहतात?

पाठ्यपुस्तकातील फुलीसारखी आकृती ही पेशी विभागली जाण्याच्या वेळची. एरवी गुणसूत्रे उलगडलेली असतात. ४६ गुणसूत्रांतला मिळून सुमारे दोन मीटर डीएनए मिलिमीटरच्या जवळपास शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात मावतो. वाडग्यातल्या शेवयांसारखा हा गुंता असेल, असा बराच काळ समज होता. जर्मनीतील थॉमस आणि ख्रिस्तोफ क्रेमर या बंधूंनी केंद्रकाच्या अगदी छोट्या भागावर लेसर मारून पाहिला. गुंता असता तर बहुतेक गुणसूत्रांना इजा झाली असती. झाली ती मोजक्यांनाच! म्हणजे प्रत्येकाची जागा वेगळी. जनुकांनी गजबजलेले १९वे गुणसूत्र सहसा मध्याकडे, तर जवळपास तेवढ्याच आकाराचे पण विरळ जनुकांचे १८वे कडेला असते.

बोटांचा याच्याशी काय संबंध?

प्रत्येक गुणसूत्राच्या आतही वाड्या-वस्त्या असतात. कोहेसिन नावाचे कड्यासारखे प्रथिन डीएनएचा धागा ओढून त्याचे फास तयार करते; सीटीसीएफ हे प्रथिन जिथे बसलेले असते तिथे ते बहुधा थांबते. तेच वस्तीचे कुंपण. जनुक चालू-बंद करणारी ‘बटणे’ धाग्यावर जनुकापासून लाखो अक्षरे दूर असू शकतात, पण फासामुळे ती जवळ येतात. कुंपणामुळे त्यांचा हात शेजारच्या वस्तीत सहसा पोहोचत नाही.

बर्लिनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘ईपीएचए४’ जनुकाची वस्ती तपासली. गर्भात हातपाय घडताना तिथली बटणे चालू असतात. आखूड बोटांच्या रुग्णांत या जनुकासह कुंपणाचाही तुकडा गळालेला होता. त्यामुळे उरलेल्या बटणांनी शेजारचे ‘पॅक्स३’ हे धडधाकट जनुक नको तिथे चालू केले. खरी मेख पुढे आहे. उंदरांत ईपीएचए४ काढले, पण कुंपण राखले, तेव्हा पंजे नीट वाढले.

कुंपण मोडले की आजार होतोच, असे मात्र नाही. फळमाशीची गुणसूत्रे बरीच उलटीपालटी झाली, तरी बहुतांश जनुकांचे काम फारसे बिघडले नाही, असे २०१९ मध्ये दिसून आले.

चाचणीत हे कळते का?

सध्या बरीच वापरली जाणारी एक्झोम चाचणी मुख्यतः प्रथिने बनवणारा, म्हणजे डीएनएचा जेमतेम एक-दोन टक्के भाग वाचते. कुंपणे बहुतेक त्याबाहेर असतात. संपूर्ण जनुकसंच वाचणाऱ्या चाचणीत हरवलेला किंवा उलटा बसलेला तुकडा दिसू शकतो. एक्झोमचा अहवाल ‘नॉर्मल’ आला आणि घरात दुसऱ्या मुलाचा विचार सुरू असेल, तर जनुकीय समुपदेशकाला ही पुढची चाचणी आपल्या बाबतीत उपयोगाची आहे का, हे जरूर विचारावे.