वाकडा संकेत आणि सरळ आकडा : पॅनेलवरच्या दर्शकाचे कॅलिब्रेशन

कारखान्याच्या नियंत्रण कक्षातील पॅनेलमध्ये, पत्र्याला ९२ बाय ४५ मिलिमीटरचा कटआउट पाडून बसवलेला आणि समोरून ९६ बाय ४८ मिलिमीटर दिसणारा अंकीय दर्शक, ज्याला कामगार नुसते ‘इंडिकेटर’ म्हणतात, हे उद्योगातील सर्वाधिक वाचले जाणारे आणि सर्वांत कमी तपासले जाणारे उपकरण आहे. टाकीत किती लिटर डिझेल उरले, बॉयलरमधून ताशी किती टन वाफ जाते, भट्टीचे तापमान किती अंश आहे, हे त्याच्या लाल आकड्यांवरून ठरते आणि त्या आकड्यांच्या भरवशावर पंप चालू होतात, झडपा उघडतात, मालाची नोंद होते. हा आकडा दर्शकाने स्वतः मोजलेला नसतो. दूरवर बसवलेला संवेदक, म्हणजे सेन्सर, भौतिक राशीतील बदल टिपतो, त्याला जोडलेला ट्रान्समीटर त्याचे बहुधा ४ ते २० मिलीअँपिअरच्या विद्युत प्रवाहात रूपांतर करतो आणि त्या प्रवाहाचा अर्थ लावून आकडा दाखवणे एवढेच दर्शकाचे काम असते. किमान मूल्याला शून्याऐवजी ४ मिलीअँपिअर ठेवण्याचे एक कारण असे की, तार तुटली तर प्रवाह शून्य होतो आणि ‘टाकी रिकामी आहे’ व ‘तार तुटली आहे’ या दोन अवस्था वेगळ्या ओळखता येतात.

मोजायची राशी आणि संकेत यांचे नाते सरळ रेषेचे असेल, तर अर्थ लावणे सोपे असते. ४ मिलीअँपिअरला कोणता आकडा (झीरो) आणि २० मिलीअँपिअरला कोणता (स्पॅन), ही दोन मूल्ये भरली की मधले सर्व आकडे प्रमाणात येतात, म्हणजे १२ मिलीअँपिअरला बरोबर अर्धे. अडचण अशी की उद्योगातील कितीतरी महत्त्वाची नाती सरळ नसून वक्र असतात, आणि वक्रतेचे कारण प्रत्येक ठिकाणी निराळे असते : टाकीच्या बाबतीत ते भूमितीत असते, प्रवाहमापनात द्रवगतीच्या नियमात आणि तापमापनात धातूच्या गुणधर्मात. वक्र नात्याला दोनच बिंदूंची सरळ रेषा लावली, तर दोन्ही टोकांना आकडा अगदी बरोबर येतो आणि मधे चुकतो. टोके बरोबर असल्यामुळे ही चूक लपून राहते, आणि या विषयातील खरा धोका हाच आहे.

आडव्या दंडगोल टाकीचे उदाहरण त्यासाठी सर्वांत बोलके आहे. पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्या आणि कारखान्यांतील डिझेलच्या टाक्या पुष्कळदा अशाच असतात. पातळी मोजणारा ट्रान्समीटर द्रवाची उंची प्रामाणिकपणे सांगतो, पण वापरणाऱ्याला लिटर हवे असतात, आणि टाकी तळाशी व माथ्याशी अरुंद आणि मध्यावर रुंद असल्यामुळे तळाजवळचा एक सेंटिमीटर आणि मध्यावरचा एक सेंटिमीटर यांत मावणारे डिझेल सारखे नसते. सपाट तोंडाची २०,००० लिटरची टाकी घेतली, तर उंचीच्या १० टक्क्यांवर तिच्यात १० टक्के नव्हे, ५.२० टक्के द्रव असतो. २५ टक्के उंचीवर १९.५५ टक्के असतो, ५० टक्क्यांवर नेमका निम्मा आणि ९० टक्क्यांवर ९४.८० टक्के. नुसते झीरो आणि स्पॅन भरून ठेवलेला दर्शक १० टक्के उंचीवर २,००० लिटर दाखवतो, तर प्रत्यक्षात १,०४० लिटरच असतात. सर्वाधिक चूक १९ टक्के उंचीच्या आसपास येते आणि ती टाकीच्या क्षमतेच्या ५.८ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे साडेअकराशे लिटरहून थोडी अधिक असते. या चुकीची दिशाही घातक आहे. खालच्या अर्ध्या भागात दर्शक असलेल्यापेक्षा जास्त साठा दाखवतो, त्यामुळे पंप कोरडा पडण्याची भीती असते. वरच्या अर्ध्या भागात तो कमी दाखवतो, त्यामुळे टँकर रिकामा करताना टाकी ओसंडण्याची.

यावरचा उपाय म्हणजे रेषीयकरण. दर्शकाच्या स्मृतीत एक कोष्टक भरले जाते, ज्याच्या प्रत्येक ओळीत ‘इतका संकेत आला तर इतका आकडा दाखव’ अशी एक जोडी असते आणि दोन जोड्यांच्या मधल्या संकेतासाठी दर्शक त्या दोन बिंदूंमध्ये सरळ रेषा धरून आकडा काढतो. अशा रीतीने एका वक्र रेषेऐवजी छोट्या छोट्या सरळ तुकड्यांची साखळी तयार होते. उपकरणाप्रमाणे अशा ८, १६, ३२ किंवा त्याहून अधिक जोड्या भरता येतात. बिंदू जितके जास्त तितके चांगले, ही समजूत अर्धीच खरी आहे, कारण बिंदू किती यापेक्षा ते कोठे ठेवले याला अधिक महत्त्व असते. दोन बिंदूंमधली चूक त्यांच्यातील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात आणि तिथल्या वक्रतेच्या प्रमाणात वाढते, म्हणून रेषा जिथे जास्त वळते तिथे बिंदू दाट आणि जिथे ती जवळजवळ सरळ असते तिथे विरळ ठेवायचे असतात.

वर घेतलेल्या टाकीसाठी ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के उंचीचे पाच बिंदू भरले, तर ३७.५ टक्के उंचीवर चूक सुमारे १०५ लिटर येते, पण १० टक्क्यांवर दर्शक १,०४० ऐवजी १,५६४ लिटर दाखवतो. तेरा बिंदू समान अंतरावर ठेवले तरी सुमारे ४.२ टक्के उंचीवर, जिथे टाकीत जेमतेम २८५ लिटर असतात, तिथे जवळपास ४०० लिटर दिसतात. हेच तेरा बिंदू ०, २.५, ५, १०, २०, ३५, ५० आणि वरच्या अर्ध्यात त्यांच्या प्रतिबिंबासारखे असे ठेवले, तर १० टक्क्यांच्या खालची चूक तीस लिटरच्या आत येते आणि सर्वांत मोठी चूक, सुमारे पाऊणशे लिटरची, जिथे चार-साडेचार हजार लिटर साठा असतो अशा भागात सरकते. एकही नवा पैसा खर्च न करता मिळणारी ही अचूकता आहे. प्रत्यक्ष टाकीची तोंडे घुमटाकार असतात, ती किंचित उताराने बसवलेली असते आणि मातीच्या दाबाने तिचा आकारही थोडा बदलू शकतो, म्हणून सूत्रापेक्षा त्याच टाकीत ज्ञात आकारमानाचा द्रव टप्प्याटप्प्याने भरून तयार केलेला डिप चार्ट हाच कोष्टकाचा आधार असावा.

आता तपासणीचा प्रश्न, आणि या लेखाचा मुख्य आग्रह याच ठिकाणी आहे. प्रचलित पद्धतीत कॅलिब्रेटर नावाच्या प्रमाणित उपकरणाने दर्शकाला ४, ८, १२, १६ आणि २० मिलीअँपिअर दिले जातात, म्हणजे पल्ल्याचे ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के, आणि समोर आलेले आकडे अपेक्षित आकड्यांशी ताडून प्रमाणपत्र लिहिले जाते. सरळ नात्यासाठी हे पुरेसे आहे. पण कोष्टकाचे बिंदू नेमके याच ठिकाणी असतील, तर दर्शक त्या ठिकाणी बरोबरच दाखवणार, कारण तेथील उत्तर त्याच्या स्मृतीत आधीच लिहून ठेवलेले असते. वरचे पाच बिंदूंचे कोष्टक, ज्यात दहा टक्के उंचीवर पाचशेहून अधिक लिटरची चूक आहे, ते या परीक्षेत पूर्ण गुणांनी उत्तीर्ण होते. वक्र संकेताच्या दर्शकाची तपासणी बिंदूंवर करून भागत नाही, ती दोन बिंदूंच्या मध्यावर करावी लागते, आणि अपेक्षित आकडा कोष्टकातून न घेता मूळ डिप चार्टमधून किंवा सूत्रातून घ्यावा लागतो. कोष्टकाला कोष्टकानेच तपासणे ही तपासणी नव्हे.

प्रवाहमापनातील वक्रता वेगळ्या जातीची आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून निघणारी वाफ मोजण्यासाठी नळात मध्ये भोक असलेली चकती, म्हणजे ऑरिफिस प्लेट, बसवतात आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मोजतात. प्रवाह हा या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे दाबफरक २५ टक्के असताना प्रवाह ५० टक्के असतो आणि दाबफरक १ टक्का असतानाही प्रवाह १० टक्के असतो. अंकीय उपकरणे येण्यापूर्वी हे वर्गमूळ कागदावरच सोसावे लागे : फिरत्या तबकडीवरील नोंदपत्रावर शून्याजवळच्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या आणि वरच्या रेषा दूर दूर छापलेल्या असत. आजच्या दर्शकात वर्गमूळ काढण्याची सोय निवडून देता येते, पण तीच सोय ट्रान्समीटरमध्येही असते, आणि दोन्हीकडे ती चालू राहिली तर २५ टक्के दाबफरकाला ५० ऐवजी ७०.७ टक्के प्रवाह दिसतो. शून्य आणि शंभर टक्के मात्र दोन्ही बाबतींत अचूक येतात, म्हणून टोकांची तपासणी ही चूक कधीच पकडू शकत नाही. वर्गमूळ कोणी काढायचे, ट्रान्समीटरने की दर्शकाने, हे एकदा ठरवून लूपच्या, म्हणजे या संपूर्ण मापनसाखळीच्या, नोंदीत लिहून ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज आहे. याखेरीज शून्याजवळ वर्गमूळ फार हळवे होते : बंद नळात ट्रान्समीटरचे शून्य अवघ्या ०.१ टक्क्याने वर सरकले, तरी दर्शक ३.२ टक्के प्रवाह दाखवतो, आणि दिवसाची बेरीज करणारा टोटलायझर नसलेली वाफ मोजत राहतो. म्हणून एका मर्यादेखालचा प्रवाह शून्य धरण्याची सोय, म्हणजे लो कट-ऑफ, वापरावी लागते. तपासणीत या मर्यादेच्या थोडे वर आणि थोडे खाली अशी दोन वाचने घेतलीच पाहिजेत.

तापमापनात कोष्टक बहुधा निर्मात्यानेच भरलेले असते आणि वापरणाऱ्याला फक्त संवेदकाचा प्रकार निवडायचा असतो. दोन भिन्न धातूंच्या जोडातून तापमानानुसार विद्युत दाब मिळतो, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये निदर्शनास आणलेले तत्त्व थर्मोकपलमध्ये वापरले जाते. के प्रकारचा थर्मोकपल १,००० अंश सेल्सिअसला ४१.२७६ मिलिव्होल्ट देतो; त्याला सरळ रेषा मानले तर ८०० अंशांना सहा अंशांची चूक येते, जी फार वाटत नाही. एस प्रकारात मात्र पहिल्या शंभर अंशांत ०.६४६ मिलिव्होल्ट मिळतात आणि ९०० ते १,००० या शंभर अंशांत १.१३८, म्हणजे पाऊणपट अधिक. प्लॅटिनमच्या पीटी-१०० संवेदकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम आणि २०० अंशांना १७५.८६ ओहम असतो, आणि ० ते ४०० अंशांच्या पल्ल्यात दोन बिंदूंची रेषा लावल्यास मध्यावर सहा अंशांहून अधिक चूक होते. थर्मोकपलच्या दर्शकाची तपासणी करताना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. थर्मोकपल हा तापमान नव्हे तर दोन टोकांच्या तापमानांतील फरक सांगतो, म्हणून दर्शक आपल्या जोडणीपट्टीचे तापमान स्वतः मोजून त्याची भर घालतो. जोडणीपट्टी ३० अंशांवर असेल, तर के प्रकारात ४०० अंश दाखवण्यासाठी कोष्टकातील १६.३९७ मिलिव्होल्ट नव्हे, त्यांतून ३० अंशांचे १.२०३ वजा करून १५.१९४ मिलिव्होल्ट द्यावे लागतात. ही वजाबाकी अंशांत नव्हे तर मिलिव्होल्टमध्ये करायची असते, कारण नाते सरळ नाही. तसेच कॅलिब्रेटर ते दर्शक ही जोडणी त्याच प्रकारच्या कॉम्पेन्सेटिंग केबलने करायची आहे की साध्या तांब्याच्या तारेने, हे कॅलिब्रेटर जोडणीपट्टीच्या तापमानाची दुरुस्ती स्वतः करतो की नाही यावर ठरते.

प्रत्यक्ष कामाचा क्रम फारसा अवघड नाही. दर्शक वीज देऊन अर्धा तास तापू द्यावा, काहीही बदलण्यापूर्वी तो जसा सापडला तसे वाचन आधी लिहून घ्यावे, कारण गेल्या तपासणीपासूनचे त्याचे आकडे किती विश्वासार्ह होते हे त्यावरूनच कळते. त्यानंतर विद्युत अचूकता आणि कोष्टक यांची परीक्षा वेगवेगळी करावी : रेषीयकरण बंद करून १२.०० मिलीअँपिअरला तो १२.०० दाखवतो का, हे आधी पाहावे, आणि तेथे चूक नसेल तर पुढची चूक कोष्टकाची असे निश्चित समजावे. या दोहोंची गल्लत होऊन कोष्टकातील दोष झीरो आणि स्पॅन फिरवून झाकला गेला, तर एका बिंदूवर आकडा जुळतो आणि उरलेल्या सर्व बिंदूंवर बिघडतो. वापरलेला कॅलिब्रेटर दर्शकाच्या अनुमत चुकीपेक्षा निदान चौपट अचूक असावा, हा संकेत रूढ आहे.

प्रयोगशाळेला एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता आयएसओ १७०२५ या मानकानुसार मिळते आणि तिच्या प्रमाणपत्राला त्यामुळे वजन येते, पण प्रयोगशाळा ग्राहकाने मागितलेल्या बिंदूंवरच दर्शक तपासते. त्यामुळे कारखान्यातील देखभाल विभागाने मागणीपत्रातच तीन गोष्टी लिहाव्यात : कोष्टकाची छापील प्रत अहवालाला जोडावी, वाचन कोष्टकाच्या दोन बिंदूंच्या मध्यावर घ्यावे आणि अपेक्षित आकडा कोणत्या सूत्रावरून किंवा चार्टवरून घेतला ते नमूद करावे.