आवणीचा चिखल आणि लेप्टोचा ताप

आवणीच्या दिवसांतील प्रत्येक ताप हिवताप समजून अंगावर काढणे घातक होय. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर व गुरे यांच्या मूत्रावाटे खाचरात उतरतात आणि पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात. जपानमधील इनाडा व इडो यांनी या जंतूंविषयीचे संशोधन १९१६ साली प्रसिद्ध केले. तरीही २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याच रोगाने बळी घेतले. टेमघरकडील खातेदारांनी स्वतःच्या व मजुरांच्या जखमा झाकूनच आवणीस आरंभ करावा. ताप, पोटऱ्यांत कळा व डोळ्यांस लाली दिसताच दवाखाना गाठावा आणि चिखलात काम केल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे. आरंभीच औषध मिळाल्यास रोगी बहुधा बचावतो. कावीळ होईतो थांबल्यास मूत्रपिंडे निकामी होऊन प्राणावर बेतते.