भडकलेल्या शोल्यामागची फुंकर

‘अलबेला’ म्हटलं की आधी भगवानदादांचे डुलणारे खांदे आठवतात, मग चितळकरांचा म्हणजे सी. रामचंद्रांचा आवाज. मागे वाद्यं कोण वाजवतंय, हे विचारायची आपल्याला सवयच नाही. १९५१च्या त्या सिनेमात एक गोवेकर आपल्या बँडसह चक्क पडद्यावर दिसतो. चिक चॉकलेट!

खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, बार्देशातल्या हळदोण्याचा. गोव्यात तेव्हा चर्चच्या शाळेत पोरांना अक्षरांबरोबर स्वरलिपीही यायची. त्या शिदोरीवर कितीतरी गोवेकर मुंबईला आले. १९३५मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमध्ये आला आणि इथल्या वादकांना जॅझ समोरासमोर ऐकायला मिळालं. चिक पुढे ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ झाला. ही पदवी मला जरा अन्यायाचीच वाटते. तिने त्याला गर्दी मिळवून दिली, पण कायमचं दुसऱ्याच्या सावलीत बसवलं.

रात्री हॉटेलात ट्रम्पेट, दिवसा सिनेमाचा स्टुडिओ. अपोलो बंदरावरचं ग्रीन्स हॉटेल त्याच्या बँडचा एक अड्डा. ते पाडून तिथे पुढे ताजचा टॉवर उभा राहिला. स्टुडिओतलं काम मात्र न दिसणारं. संगीतकाराने चाल गुणगुणायची आणि गोवेकर अरेंजरने ती कागदावर उतरवून व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय हे वाटून द्यायचं. पाटीवर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. सी. रामचंद्रांकडे चिकने हे काम केलं, आणि रामचंद्रांच्या पाश्चात्य वळणाच्या गाण्यांना जी चटपटीत चाल आली, तिच्यात या माणसाचा वाटा मोठा.

स्वतंत्र संगीतकार म्हणून त्याच्या वाट्याला मोजकेच सिनेमे आले. त्यातला ‘नादान’ १९५१चाच. गंमत अशी, की या धडाक्याच्या जॅझवाल्याची आज सर्वांत जास्त ऐकली जाणारी चाल म्हणजे तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’. अगदी हलक्या आवाजात, कुणाची झोप मोडू नये असं गायलेलं. तलतच्या चाहत्यांना ते पाठ असतं. संगीतकार विचारा, दोन-तीन नावं चुकतात.

१९६७मध्ये तो गेला, पन्नाशी जेमतेम ओलांडून. त्याच्या आदल्याच वर्षी चेतन आनंदांचा ‘आखरी खत’ आला होता. त्यात खय्यामचं ‘रुत जवाँ जवाँ’ आहे. नाइट क्लबमध्ये कोवळा भूपिंदर गातो आणि बाजूला चिक ट्रम्पेट वाजवतो. पुढच्या वेळी लावाल तेव्हा नजर भूपिंदरवरून जरा बाजूला वळवा.