चकाकी स्फटिकांची, पावडरची नव्हे

रुखवताच्या टेबलावर अनारसे आणि करंज्यांच्या शेजारी आता चॉकलेटची डोली किंवा चॉकलेटचा कलश दिसू लागला आहे. गणपतीत चॉकलेटचे मोदक होतात, वाढदिवसाला चॉकलेटचं घर. साचे बाजारात सहज मिळत असल्याने अनेक घरांत हे प्रयोग चालतात. पण पहिल्या प्रयत्नात बहुतेकांचा हिरमोड होतो. वस्तू साच्याला चिकटते, निघालीच तर निस्तेज दिसते आणि काही दिवसांत तिच्यावर पांढुरके चट्टे उठतात. मग ते झाकायला सोनेरी किंवा रुपेरी पावडर लावली जाते. धोका इथेच सुरू होतो.

आधी चट्टे का येतात ते पाहू. चॉकलेटला घट्टपणा देतं ते कोकोआ बटर. गोठताना या मेदाचे सहा प्रकारचे स्फटिक बनू शकतात. आपल्याला हवा असतो पाचवा. तो साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणूनच चॉकलेट हातात काही वेळ टिकतं आणि जिभेवर विरघळतं. या प्रकारात रेणू दाटीने आणि शिस्तीत बसतात. त्यामुळे वस्तू किंचित आकसून साच्यातून आपोआप सुटते आणि तिला चकाकी येते. चॉकलेट नुसतं वितळवून ओतलं, तर इतर प्रकारचे कच्चे स्फटिक तयार होतात. ते हळूहळू रूप बदलतात, मेद पृष्ठभागावर येतो आणि चट्टे दिसतात. ही बुरशी नव्हे. असं चॉकलेट खाल्ल्याने अपाय होत नाही.

योग्य स्फटिक तयार करण्याच्या क्रियेला ‘टेम्परिंग’ म्हणतात. डार्क चॉकलेट बारीक चिरून त्याचा दोन तृतीयांश भाग गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवा. भांडं खाली उतरवून उरलेला एक तृतीयांश भाग थोडा थोडा घाला आणि ३१-३२ अंशांपर्यंत उतरेपर्यंत ढवळत राहा. मिल्क चॉकलेटसाठी हे तापमान २९-३०, तर व्हाइटसाठी २८-२९ अंश असतं. नंतर घातलेले तुकडे इथे विरजणाचं काम करतात. त्यांच्यातले चांगले स्फटिक बाकीच्या चॉकलेटला वळण लावतात. म्हणून विरजण चांगलं हवं, तसे हे तुकडेही चकचकीत, चट्टे नसलेले हवेत. सुरीच्या टोकावर थोडं चॉकलेट घेऊन पाहा. २० अंशांच्या आसपासच्या खोलीत ते पाचेक मिनिटांत घट्ट आणि चकचकीत झालं, तर साच्यात ओतायला हरकत नाही.

पाण्यापासून मात्र जपा. एक थेंब पडला, तरी साखर तो ओढून घेते आणि चॉकलेटचा गोळा होतो. फ्रिजमधून काढलेल्या उघड्या वस्तूवर दमट हवेतलं बाष्प जमतं, साखर विरघळते आणि नंतर खरखरीत पांढरा थर उरतो. त्यामुळे वस्तू हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा बाहेरच्या तापमानाला आल्यावरच उघडा. साचा कोरड्या कापसाने पुसून घ्या, कारण त्याच्या गुळगुळीतपणावरही चकाकी ठरते.

हा खटाटोप नको असेल, तर ‘कंपाउंड’ चॉकलेट मिळतं. त्यात कोकोआ बटरऐवजी इतर वनस्पतिजन्य मेद असल्याने टेम्परिंग लागत नाही. मात्र त्यात साखर आणि संतृप्त मेद भरपूर असतात. वेष्टनावरची घटकांची यादी जरूर वाचा.

आता पावडरबद्दल. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवरच्या चमकदार पावडरमध्ये तांब्याचं प्रमाण मोठं होतं. पुढच्या वर्षी मिसुरीत एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं आढळलं. त्याच्या केकवरच्या पावडरचा सुमारे चौथा हिस्सा शिशाचाच होता. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतं आणि त्याचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही.

अशा पावडरच्या डबीवर अनेकदा ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ती खाण्यायोग्य आहे असा होत नाही. ‘खाद्य’ असा स्पष्ट उल्लेख, घटकांची यादी आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, हे तिन्ही असेल तरच ती घ्या. ‘फक्त सजावटीसाठी’ असं लिहिलेली डबी स्वयंपाकघरात आणूच नका. रंग हवेच असतील, तर तेलात मिसळणारे खाद्यरंग वापरा, कारण पाण्यातल्या रंगांनी चॉकलेटचा गोळा होतो.

स्फटिक नीट जमले, तर पावडरची गरजच उरत नाही. आणि वस्तू शोभेची म्हणून मांडली, तरी कुणीतरी लहान मूल डोलीचा कोपरा मोडून तोंडात टाकणारच. ते निर्धास्तपणे खाऊ शकेल, अशीच ती बनवावी.