बर्फाच्या नावाचं बाळ : नाव ठेवताना अर्थ पाहू या

उत्तराखंडातले द्रोणागिरी शिखर 7,066 मीटर उंच आणि बर्फाने झाकलेले आहे. आपले द्रोणागिरी उरणच्या समुद्रकाठी आहे. इथे खारा वारा आणि घाम, बर्फ फक्त मासळीच्या पेटीत. तरीही नामकरण विधीच्या तयारीत असलेल्या एका घरात आम्हाला विचारले गेले, “ताई, आयरा म्हणजे बर्फ ना? आपल्यात चालेल का?” आजीला ‘सुजाता’ हवे होते. आईचे म्हणणे होते, “नावावरून जात ओळखू येऊ नये.”

आईची भीती खोटी नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव तिरस्कार दाखवणारे असावे, असे सांगितले आहे. पणजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू ही नावे घरोघरी होती. मूल जगावे म्हणूनही अशी नावे ठेवत, पण अपमान वाट्याला आला तो आपल्याच. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा ही नावे आपल्या वस्त्यांत अभिमानाने घुमू लागली. आजीचा आग्रह त्यातूनच येतो.

पण हिम आपल्याला परके नाही. पाली साहित्यात हिमालयाला ‘हिमवंत’ म्हणतात. सज्जन हिमवंतासारखे दुरूनही दिसतात, असा धम्मपदातील 304 व्या गाथेचा आशय आहे. सम्राट अशोकाच्या काळात मज्झिम थेर धम्मप्रचारासाठी हिमवंत प्रदेशात गेले, असे महावंस सांगतो. सांचीच्या दुसऱ्या स्तूपात सापडलेल्या अस्थिकरंडकांवर मज्झिमांचे नाव कोरलेले आहे. मुलासाठी ‘हिमवंत’ हे नाव म्हणूनच आपल्या परंपरेतले ठरते.

इतर काही नावे आणि त्यांचे अर्थ :

• हिमानी : बर्फाचा मोठा साठा (संस्कृत).
• तुहिन, तुषार : हिम, दहिवर. मराठीत तुषार म्हणजे पाण्याचे बारीक थेंबही.
• हिमांशु : बर्फ नव्हे. थंड किरणांचा, म्हणजे चंद्र.
• हैमवती : हिमालयाची कन्या, म्हणजे पार्वती. 22 प्रतिज्ञांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतींबद्दल आहे, हे लक्षात घेऊन ठरवावे.
• शीन : काश्मिरीत बर्फ.
• युकी : जपानीत बर्फ. मात्र वेगळ्या चिन्हाने लिहिले तर ‘सुख’ असाही अर्थ होतो.
• आयरा : वेल्श भाषेतील ‘बर्फ’ या शब्दाचा जवळचा उच्चार.
• लुमी : फिनलंडच्या भाषेत बर्फ.
• नीव्हेस : स्पॅनिशमध्ये हिम. हे नाव मदर मेरीच्या भक्तीतून आलेले आहे.

परदेशी नाव ठेवण्यात गैर काही नाही. पण नाव बदलले तरी पुढचा प्रश्न आडनावाचा येतोच, हा आपला रोजचा अनुभव आहे. जात लपवण्यासाठी निवडलेले नाव मुलाला लपायलाच शिकवते. आवडले म्हणून निवडलेले नाव, मग ते युकी असो वा सुजाता, मूल ताठ मानेने सांगते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी. नाव ठरले नसेल तर ते नोंदीत नंतर घालता येते : एका वर्षापर्यंत शुल्काशिवाय, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा म्हणून लागतो. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दाखला घेतानाच तपासा. पुढे दुरुस्तीच्या खेपा आई-वडिलांनाच घालाव्या लागतात आणि रोजंदारी बुडते.

त्या घरातला निर्णय त्या घराचा आहे. आम्ही एवढेच सांगितले : पाच वर्षांनी लेक विचारेल, “माझ्या नावाचा अर्थ काय?” तेव्हा आई आणि आजी, दोघींनाही आनंदाने उत्तर देता यावे, असे नाव ठेवा.

जय भीम, नमो बुद्धाय!