चर्चमधील गाण्याची संध्याकाळ

आमच्या गांवच्या चर्चचें छप्पर गेल्या दोन पावसाळ्यांत फार गळूं लागलें. सागवानी वाशांना वाळवी लागलेली, आणि कौलें इतकीं जुनीं कीं, शाकारणीस चढलेल्या माणसाच्या पायाखालीं तीं पापडासारखीं मोडत. चर्चची मंडळी कांहीं श्रीमंत नव्हे. शिक्षक, परिचारिका, एस्. टी. मधील नोकरवर्ग, थोडे शेतकरी, अशीं शंभर-सव्वाशें कुटुंबें. वर्गणीची यादी एकदां फिरून झाली होती, व ती पुन्हां फिरविण्याची कोणासच उमेद नव्हती. तेव्हां मंडळींतील तरुणांनीं असें ठरविलें कीं, गांवांत व आसपास जीं माणसें स्वतः गाणीं रचतात आणि स्वतःच गातात, त्यांची एक सायंकाळ चर्चमध्येंच करावी, शंभर रुपयांचें तिकीट ठेवावें, आणि जमेल तो पैसा छपरास लावावा.

या कार्यक्रमाचीं तिकिटें घेऊन आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. हा गृहस्थ आतां पन्नाशी उलटलेला, एस्. टी. च्या कार्यशाळेंत नोकरीस आहे. चार तिकिटें आमच्या हातावर ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, मीहि एक गाणें म्हणणार आहें. तेंच."

"तेंच" म्हणजे कोणतें, हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं.

चाळीस वर्षांपूर्वीं आम्ही हायस्कुलांत मराठी आणि संस्कृत शिकवीत असूं. स्नेहसंमेलनांतील गाण्यांची निवड आमच्याकडे असे. हा मुलगा त्यावेळीं चौदा वर्षांचा. त्यानें एका वहींत स्वतः रचलेलें गाणें आणून दाखविलें व चालहि आपणच लावली आहे, असें भीतभीत सांगितलें. चाल ऐकण्यापूर्वींच आम्हीं पेन्सिलीनें मात्रा मोजल्या. रचना पादाकुलकासारखी, सोळा मात्रांची. परंतु एका ओळींत पंधराच भरल्या. आम्हीं तेथें लाल शाईनें 'एक मात्रा कमी' असें लिहिलें आणि म्हणालों, "आधीं छंद शिका, मग गा." त्याच्या जागीं दुसऱ्या एका मुलानें ध्वनिमुद्रिकेवरून उचललेलें नाट्यपद म्हटलें व टाळ्या मिळविल्या. पुन्हां ती वही कधीं आमच्या मेजावर आली नाहीं. त्याच्या धर्माचा या गोष्टीशीं कांहीं संबंध नव्हता, असें आम्हीं स्वतःस अनेकदां सांगितलें आहे, व तें खरेंहि आहे. कारण संस्कृतांत त्याला वर्गांत सर्वांत अधिक गुण आम्हींच दिले होते. परंतु वर्गांतला एकुलता एक ख्रिस्ती मुलगा ती गोष्ट कशी समजला असेल, हें त्यावेळीं आमच्या मनांत आलें नाहीं, तें पुढें आलें.

तिकिटें घरांत आलीं आणि रात्रीं जेवणाच्या वेळीं चर्चा झाली. आमचें कुटुंब एकत्र, पानें बारा. थोरल्या चिरंजिवांचें म्हणणें असें कीं, गाणें ऐकण्यास हरकत नाहीं, पण दुसऱ्यांच्या प्रार्थनामंदिराच्या छपरास आपण पैसे द्यावे हें कितपत योग्य? धाकट्या सूनबाईंचें म्हणणें, नाटकाचें तिकीट काढतांना मालकाचा धर्म कोण विचारतो? आमच्या वहिनी वयानें सर्वांत वडील. त्या तोंपर्यंत गप्प होत्या. ताक वाढतां वाढतां त्या म्हणाल्या, "लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' या घरांत तीन पिढ्या वाचीत आल्या आहेत. माझ्या सासूबाई तें पुस्तक वाचून रडत आणि हंसत. त्यावेळीं कोणी कांहीं म्हणालें नाहीं." यावर चिरंजिवांनीं भात मागितला. विषय संपला.

वहिनींनीं टिळकांचें नांव काढलें तें योग्यच होतें. नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं एका चित्पावन घरांत जन्मले, १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें अहमदनगरास (ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात) त्यांचें आयुष्य बरेंचसें गेलें. मराठी चर्चमधून त्यापूर्वीं जीं गीतें गाइलीं जात त्यांतील पुष्कळशीं परदेशी चालींवर बसविलेलीं भाषांतरें असत. सुराचा आघात एकीकडे पडावा आणि मराठी शब्दाचें दीर्घ अक्षर दुसरीकडे जावें, असा तो प्रकार. टिळकांच्या अगोदर कृष्ण रत्नोजी सांगळे यांनीं देशी चालींचीं पदें व कीर्तनें रचून वाट काढिली होती; टिळकांनीं ती रुंद केली. अभंग, ओंवी, भजन हीं त्यांनीं प्रार्थनेंत आणिलीं आणि स्वतः कीर्तनास उभे राहिले. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' स्थापिला. १९१९ च्या मे महिन्यांत ते वारले. आजहि मराठी चर्चच्या गीतसंग्रहांत त्यांच्या पदांचें प्रमाण फार मोठें आहे. याच्याहि मागें जावयाचें तर गोमंतकांत फादर स्टीफन्स यांनीं मराठी ओंवींत 'ख्रिस्तपुराण' रचिलें, तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापून निघालें व चर्चमधून गाऊन वाचलें जाई. सारांश, मराठी छंदास चर्चचा दरवाजा परका नाहीं. आमच्या गांवचे हे गाणारे त्याच दरवाज्यानें आंत आले होते.

रचणारा आणि गाणारा एकच, अशा मनुष्यास आपल्याकडे जुना शब्द आहे : वाग्गेयकार. तेराव्या शतकांत देवगिरीस सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त त्याचें लक्षण दिलें आहे. गाण्याचे शब्द ते मातु, स्वररचना ती धातु. दोन्ही जो करतो तो वाग्गेयकार. त्याच्या अंगीं कोणते गुण असावे याची शार्ङ्गदेवाची यादी वाचून छाती दडपते. व्याकरण पाहिजे, कोश पाहिजे, छंद पाहिजे, रस-अलंकार पाहिजेत, सभेंत बोलण्याचें धैर्य पाहिजे. ही यादी आम्हांस तोंडपाठ होती. चौदा वर्षांच्या मुलास आम्हीं बहुधा तीच लावली.

असो. ठरल्या दिवशीं सायंकाळीं सहा वाजतां आम्ही चौघें गेलों : वहिनी, धाकट्या सूनबाई, नात आणि आम्ही. चपला बाहेर काढाव्या कीं नाहीं, याचा वहिनींनीं दारांत क्षणभर विचार केला व काढल्या. त्यांना पाहून मागून येणाऱ्या चार-दोन बायकांनींहि काढल्या. आंत बांकें भरलेलीं, मुलें खिडक्यांत. डब्लिन शहरीं १३ एप्रिल १७४२ रोजीं हँडेलनें आपला 'मसाया' प्रथम लोकांपुढें आणिला, तेव्हां जागा पुरावी म्हणून स्त्रियांनीं घेरदार झग्यांचे सांगाडे घालूं नयेत आणि पुरुषांनीं तलवारी घरीं ठेवाव्या, अशी विनंती छापावी लागली होती, याची आठवण झाली. त्या प्रयोगाच्या उत्पन्नांतून कर्जापायीं तुरुंगांत पडलेले १४२ लोक सुटले. पवित्र वचनें नाटकगृहांत गावीं काय, म्हणून लंडनमध्यें पुढें कुरकुर झाली. पण १७५० पासून तोच 'मसाया' टाकलेल्या मुलांच्या संगोपनगृहाच्या प्रार्थनामंदिरांत दरवर्षीं मदतीसाठीं होऊं लागला. आपल्याकडे १९२१ च्या जुलैंत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्ध्यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' केलें, तें तर घरोघर सांगितलें जातें. कीर्तनाच्या शेवटीं फिरणारें आरतीचें ताट त्याहून कितीतरी जुनें. एवढें सगळें असतांना आमच्या चिरंजिवांना शंभर रुपयांची अडचण कां पडावी? कौलांची गोष्ट तर याहून गमतीची. मंगळुरी कौलें म्हणून जीं आपल्या घरांवर आहेत, त्यांचा पहिला कारखाना मंगळुरास १८६५ सालीं बासेल मिशननें काढला. आमच्या वाड्यावर पाऊण शतक तींच आहेत.

वेदीच्या पुढें एक सतरंजी, एक पेटी, तबल्याची जोडी, ढोलकी आणि एक गिटार. पाळकांनीं दोन मिनिटांत प्रस्ताव केला, प्रार्थना केली आणि छपराकडे बोट दाखवून खालीं बसले. याहून चांगलें भाषण आम्हीं अलीकडे ऐकलें नाहीं.

पहिल्यानें स्त्रियांच्या मंडळानें भजन म्हटलें. मग गिटारवाला तरुण आला. त्याच्याविषयीं फार लिहीत नाहीं. तीनच सुरांत तो पांच गाणीं फिरला व प्रत्येक गाण्यापूर्वीं तें कसें सुचलें हें गाण्याहून अधिक वेळ सांगत राहिला. आमच्या नातीस मात्र तो फार आवडला. एका शेतकऱ्यानें विहिरीस पाणी लागल्याचें गाणें म्हटलें, त्यांत खणणाऱ्या माणसांचीं नांवें एकामागून एक ओंवलेलीं होतीं, आणि त्यांपैकीं दोघे मागच्या बांकावर बसलेले होते. आपलें नांव आलें तेव्हां ते एकमेकांकडे न पाहतां समोर पाहूं लागले. नंतर सरकारी दवाखान्यांतील एक परिचारिका उठली. तिचें गाणें रात्रपाळीचें. रुग्ण झोंपले आहेत, एक म्हातारी जागी आहे, तिला झोंप यावी म्हणून ही पाय न वाजवितां चालते आहे, एवढाच विषय. पेटी तिनें थांबवावयास सांगितली. ना आलाप, ना तान. ओंवीचीच चाल, पण प्रत्येक चरणाच्या शेवटीं आवाज इतका खालीं नेई कीं, पुढचा शब्द ऐकण्यास सगळें चर्च पुढें वांके. वहिनींनीं पदर डोळ्यांस लावला. त्या दोन महिने त्याच दवाखान्यांत होत्या.

सर्वांच्या शेवटीं आमचा विद्यार्थी.

त्याचे वडील याच चर्चची घंटा वाजवीत. गाण्यांत दहा वर्षांचा मुलगा संध्याकाळीं त्यांच्यासाठीं भाकरी घेऊन मळ्यांतून निघतो, ऊन उतरतें, मनोऱ्यावर बाप दिसतो, आणि मुलगा खालून हांक मारतो. चाळीस वर्षांपूर्वींचें गाणें आम्हांस शब्दशः आठवत होतें, याचें आमचें आम्हांसच आश्चर्य वाटलें. ती ओळ जवळ आली तशीं आमचीं बोटें मांडीवर आपोआप मोजूं लागलीं, जुनी खोड. ओळीच्या अखेरीस 'बाबा' असा शब्द आहे. त्यानें त्या शब्दाचा शेवटचा 'आ' लांबविला, वर चढविला, आणि मग सोडला. बोटें सोळावर येऊन थांबलीं.

पाणिनीच्या आठव्या अध्यायांत नियम आहे कीं, दुरून हांक मारतांना वाक्याचा अखेरचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा होतो. हा नियम आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. उदाहरणें फळ्यावर लिहिलीं. आणि तोच प्लुत एका मुलानें वहींत आणून दिला, तेव्हां कागदावर दीर्घाच्या दोन मात्रा धरून आम्हीं त्याची ओळ कापली! मातु आम्हीं वाचली. धातु ऐकावी असें सुचलें नाहीं. ऐकली असती तर एक मिनिट लागलें असतें.

कार्यक्रम संपल्यावर अंगणांत चहा होता. आम्हीं त्यास बाजूला बोलावून पाणिनीचा नियम सांगितला, आणि ती लाल शाईची खूण चुकीची होती, चूक आमची होती, हेंहि सांगितलें. वयानें लहान असलेल्या माणसापुढें असें बोलण्याची आम्हां शिक्षकांस संवय नसते; वाक्य दोनदां अडखळलें. तो थोडा वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मला पाणिनि कोठला ठाऊक! घंटा वाजवून वाजवून बाबांना ऐकूं कमी यायचें. हांक लांबविल्याशिवाय ते वळतच नसत."

इतक्यांत पाळकांनीं जमेचा आंकडा सांगितला. तिकिटें आणि दारांतली पेटी मिळून छपराचा एक पाखा होईल इतकी रक्कम जमली होती. दुसऱ्या पाख्यासाठीं पाऊस सुरू होण्याआधीं आणखी एक सायंकाळ करावयाची आहे. परततांना वाटेंत वहिनींनीं विचारलें, "ती दवाखान्यांतली मुलगी पुन्हां गाणार ना?" गाणार आहे, असें सूनबाईंनीं सांगितलें. तेव्हां पुढच्या वेळीं तिकिटें सहा घ्यावींत, थोरल्यालाहि न्यावें, आणि जागा पुढच्या बांकावर धरावी, असा त्यांनीं हुकूम केला आहे.